अमेरिकन अंतर्युद्धाची परिभाषा आणि मराठी अनुवादक

1861 ते 1865 या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जे युद्ध झाले, त्याला ‘यादवी युद्ध’ म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. हिंदीत तेच ‘गृहयुद्ध’ होते, उर्दूत ‘खानाजंगी’ आणि कन्नडमध्ये ‘अंतर्युद्ध’. बेंगळूरूसारख्या बहुभाषिक नगरात मराठी-कन्नड अनुवाद करणाऱ्याच्या कानांवर हे चारही शब्द पडत असतात. परंतु ते समानार्थी नाहीत. इतर तीन शब्द युद्ध कोठे झाले एवढेच सांगतात: घरात, आत. ‘यादवी’ मात्र एक कथा सांगते. मौसलपर्वातील यादव प्रभासक्षेत्री मद्यधुंद होऊन परस्परांना मारतात. त्यांच्या कलहाला हेतू नाही, केवळ शाप आहे. तेथे कोणाचीच बाजू न्यायाची नसते. अमेरिकेत मात्र सुमारे 40 लाख माणसांना मालमत्ता मानणारी संस्था टिकावी की मोडावी, हा प्रश्न युद्धाच्या मुळाशी होता. त्या युद्धाला ‘यादवी’ म्हटले की हा प्रश्नच दृष्टीआड होतो आणि उरतो तो केवळ बंधुद्वेष.

नावाचा हा वाद अमेरिकेतही होता. उत्तरेच्या सरकारने युद्धाचे अधिकृत कागदपत्र प्रसिद्ध केले ते ‘बंडाचे युद्ध’ या नावाखाली. दक्षिणेच्या अभिमान्यांनी ‘राज्याराज्यांतील युद्ध’ हे नाव रूढ केले. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याचे उदाहरण बोलके आहे. मार्च 1861 मधील भाषणात त्याने गुलामगिरी आणि वर्णविषमता यांना नव्या राज्याची कोनशिला ठरविले होते. पराभवानंतर लिहिलेल्या ग्रंथात मात्र तेच युद्ध त्याने राज्यांच्या घटनात्मक अधिकारांचे करून टाकले. माणूस तोच, परिभाषा बदलली आणि गुलाम चित्रातून नाहीसा झाला.

मराठी अनुवादकापुढे येथे एक विशेष अडचण उभी राहते. 1857 च्या उठावाला ‘बंड’ म्हणावे की ‘स्वातंत्र्यसमर’, या वादातून गेलेल्या भाषेत ‘बंड’ हा शब्द आज निंदाव्यंजक राहिलेला नाही. आपल्या समीक्षेत तर ‘बंडखोर कवी’ ही प्रशस्तीच होय. दक्षिणेच्या सैनिकाला सरळ ‘बंडखोर’ म्हटले, तर गुलामांच्या मालकांसाठी लढणाऱ्याभोवती नकळत तेजोवलय निर्माण होते. तेथे ‘फुटीर’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरेल. दोन्ही पक्षांच्या राज्यरचनेला ‘संघ’ म्हणण्याने असाच घोटाळा होतो. उत्तरेला ‘संघराज्य’ आणि दक्षिणेला ‘राज्यमंडळ’ म्हटल्यास भेद स्पष्ट राहतो. इंग्रज इतिहासकारांनी अठराव्या शतकातील मराठी सत्तेला जे नाव दिले तेच दक्षिणेने स्वतःला घेतले होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा शब्द परका वाटत नाही.

लष्करी संज्ञाही निरुपद्रवी नसतात. एप्रिल 1861 मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. स्वतःचे बंदर सरकार बंद करते. नाकेबंदी होते ती शत्रूची. त्या एका शब्दाने दक्षिणेला युद्धमान पक्षाचे स्थान मिळाल्यासारखे झाले. याच नाकेबंदीमुळे लँकेशायरचा कापूस अडला, मुंबईच्या कापसाचे भाव भडकले आणि शेअरबाजाराचा तो उन्माद माजला, जो 1865 मध्ये युद्धाबरोबरच कोसळला.

त्याहून विलक्षण कथा मे 1861 मधली. व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यात तीन गुलाम पळून आले. मालकाने त्यांची मागणी करताच जनरल बटलरने ते ‘युद्धात जप्तीस पात्र असलेला माल’ आहेत, असे सांगून परत देण्याचे नाकारले. माणसाला माल म्हणणारी भाषाच येथे माणसाच्या सुटकेचे साधन झाली. पुढे अशा हजारो आश्रितांना तेच नाव पडले. अनुवादकाने त्यांना सौजन्याने ‘निर्वासित’ म्हटले, तर शब्दातला अपमान जाईल आणि त्याबरोबर त्यातला उपरोधही. ‘जप्तीचा माल’ असेच म्हटले पाहिजे.

मूळ संस्थेलाच कोणता शब्द योजावा? याचे उत्तर जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये देऊन ठेवले आहे. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना त्यांनी आपला ग्रंथ अर्पण केला आणि नाव ठेवले ‘गुलामगिरी’. ‘दास्य’ हा शब्द त्यांना वर्ज्य नव्हता. परंतु रामदास, हरिदास अशा नामांतून मराठीत ‘दास’ शब्दाला भक्तीचे पावित्र्य चिकटले आहे. ‘गुलाम’ शब्दात तो आसरा नाही. कन्नडमधील ‘जीत’ या शब्दाचा मूळ अर्थ वेतन असा असून आज तो ऋणबद्ध श्रमाचा वाचक आहे; मराठीतील ‘वेठबिगार’ सक्तीच्या श्रमाचा. अमेरिकेत विकला जात होता तो श्रम नव्हे, माणूस. असा व्यवहार मराठी मुलखालाही अपरिचित नव्हता. पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे उल्लेख आहेत आणि हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता संपली ती 1843 च्या कायद्याने.

शेवटचा भेद ‘मुक्तता’ आणि ‘उच्छेद’ यांचा. 1 जानेवारी 1863 च्या लिंकनच्या जाहीरनाम्याने फुटीर प्रदेशांतील गुलामांना मुक्त घोषित केले. संघराज्याशी निष्ठ राहिलेल्या राज्यांतील गुलाम त्याच्या कक्षेबाहेर राहिले. संस्थेचा उच्छेद झाला तो डिसेंबर 1865 मधील तेराव्या घटनादुरुस्तीने, आणि तोही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवून. दोन्हींना ‘मुक्ती’ म्हटले की, मोक्षकल्पनेशी जडलेल्या त्या शब्दामुळे काम पूर्ण झाल्याचा भास होतो. मुक्तता व्यक्तीची होते, उच्छेद व्यवस्थेचा. फुल्यांच्या ग्रंथाला ज्या समाजात प्रयोजन होते, त्या समाजाच्या भाषेने तरी हे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत.