तांब्याचा पंचनामा : ईम्स दांपत्याच्या कामाची हकीकत

शेतीच्या मासिकांत खुर्च्या व घरें आंखणाऱ्या एका अमेरिकन दांपत्याची हकीकत कशासाठीं, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस पडेल. त्याचें उत्तर असें कीं, या दांपत्यानें सन १९५८ मध्यें आपल्या सरकारास जो एक छोटासा अहवाल सादर केला, त्यांत ज्या एका वस्तूचा बारकाईनें विचार केला आहे ती वस्तु म्हणजे आपल्या घरोघरचा तांब्या होय. आणि तो विचार ज्या रीतीनें केला आहे, ती रीत अवजार विकत घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे.

इंग्रजींत ज्यास डिझायनर म्हणतात त्यास आम्ही या लेखांत रचनाकार म्हणूं. वस्तु प्रत्यक्ष घडविण्यापूर्वीं तिचें माप, घाट, साहित्य व किंमत यांचा मेळ घालून देणें हें त्याचें काम. कोणी कारखान्यांत पगारावर हें काम करतात. कोणी स्वतंत्र राहून, ज्याचें काम येईल त्याच्याशीं तेवढ्यापुरता करार करून करतात. आपल्या गांवगाड्यांत हा धंदा नव्हता असें नाहीं. सुतार व लोहार हेच आपले रचनाकार होते. तिफणीचा फण किती कलता ठेवावा, चाड्याचें तोंड किती रुंद असावें, हें ते शेतकऱ्याची जमीन व बैलांची उंची पाहून ठरवीत, आणि चूक झालीच तर मृग संपण्यापूर्वीं शेतकरी दारांत येऊन उभा राही. बलुतें त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावरून घ्यावयाचें असल्यामुळें टाळाटाळीला जागा नव्हती. पुढें घडविणारा एका शहरांत, विकणारा दुसऱ्या शहरांत व वापरणारा तिसऱ्याच ठिकाणीं अशी स्थिति झाली, तेव्हां हें ठरविण्याचें काम निराळ्या माणसाकडे गेलें.

चार्ल्स ईम्स यांचा जन्म १९०७ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईस शहरीं झाला. रे यांचा १९१२ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅक्रॅमेंटो येथें. चार्ल्स इमारतींचे आराखडे करीत. रे या चित्रकार. १९४१ मध्यें विवाह करून तीं दोघें मोटारीनें लॉस एंजल्सला आलीं. वाटेंत माळावर वाऱ्यानें लोळत जाणारें एक वाळलेलें तण त्यांनीं उचलून घेतलें व पुढें तें आपल्या घरांत छताला टांगून ठेवलें. ज्या तणापायीं आपण खुरपणीचा खर्च सोसतों तें घरांत टांगणें म्हणजे वेडेपणाच, असें आमचे वाचक म्हणतील. परंतु ज्या वस्तूकडे इतर लोक ढुंकून पाहत नाहींत, तिचा घाट न्याहाळीत बसण्याची ही संवय त्या दोघांना जन्मभर पुरली.

भाड्याच्या घरांत राहून त्यांनीं एक यंत्र स्वतः जोडलें. लांकडाचे पातळ पापुद्रे सरस लावून एकावर एक ठेवावयाचे व सांच्यांत दाबून त्यांना हवा तो वांक आणावयाचा, असें तें यंत्र होतें. आणि दाब देण्यासाठीं त्यांनीं सायकलचा पंप वापरला होता. ते दिवस महायुद्धाचे होते. मोडलेला पाय बांधण्याच्या धातूच्या पट्ट्या जखमी माणसास हलवितांना हादरत व त्याच्या वेदना वाढत, ही अडचण परिचयांतल्या एका डॉक्टरकडून त्यांना कळली. चार्ल्सनें स्वतःच्या पायाचा सांचा घेऊन पन्हळीसारखी लांकडी आधारपट्टी तयार केली. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें ती स्वीकारली व युद्ध संपेपर्यंत तशा सुमारे दीड लाख पट्ट्या निघाल्या. याच विद्येंतून पुढें वांकविलेल्या लांकडाच्या, आणि १९५० पासून कांचतंतूंनीं बळकट केलेल्या प्लास्टिकच्या एकसंध बैठकीच्या खुर्च्या झाल्या. त्या खुर्च्यांनीं त्यांचें नांव जगभर झालें. पण आपल्या सभा सतरंजीवर होतात, तेव्हां त्यांचें वर्णन लांबविण्याचें कारण नाहीं.

घराची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. समुद्राकांठच्या टेकडीजवळ त्यांनीं जमीन घेतली. तेथें निलगिरीचीं झाडें व एक हिरवें कुरण होतें. कुरणाच्या बाजूस खांबांवर पुलासारखें घर उभें करावें असा पहिला आराखडा होता. पोलादहि येऊन पडलें. परंतु त्या जागेवर जाऊन येऊन बसतां उठतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या घरानें कुरणच नाहींसें होईल. तेव्हां आराखडा रद्द करून तेंच पोलाद त्यांनीं टेकडीच्या कुशीला सरकवून वापरलें. कुरण वांचलें आणि घरांत जागाहि वाढली. हें घर १९४९ सालीं पुरें झालें. महसूल खात्यांत नोकरी करतांना आम्हीं गांवांच्या वेशीवरील बिनशेतीचीं प्रकरणें पुष्कळ हाताळलीं. विहिरीजवळच्या काळ्या जमिनींत बंगला व मुरमाड कोपरा मोकळा, असा नकाशा त्यांत हमखास असे. आधीं जागा पाहावी व मग घर आंखावें, एवढें शहाणपणहि दुर्मिळ आहे.

हे रचनाकार आपल्या कामाविषयीं दोन गोष्टी वारंवार सांगत. एक अशी कीं, किंमत, वजन, वेळ, साहित्य यांच्या मर्यादा हें कामांतील विघ्न नसून मर्यादा ओळखणें हेंच काम आहे. दुसरी अशी कीं, रचनाकारानें चांगल्या यजमानासारखें असावें. पाहुण्याला काय लागेल तें त्यानें मागण्यापूर्वींच ओळखावें. ज्याच्या घरीं सुगींत वीस माणसांची पंगत बसते, त्यास या बोलण्याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

आतां हिंदुस्थानांतील कामाकडे वळूं. स्वातंत्र्यानंतर नवे कारखाने निघत होते व हलका, बेढब माल सर्वत्र होईल अशी धास्ती होती. म्हणून भारत सरकारनें या दांपत्यास बोलाविलें. खर्चाचें साह्य फोर्ड फौंडेशननें केलें. तीन महिने देश फिरून त्यांनीं एप्रिल १९५८ मध्यें अहवाल दिला व त्याच्या अनुरोधानें १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. अहवालाच्या आरंभीं गीतेंतील कर्माधिकाराचा श्लोक इंग्रजींत घातला आहे. पुढें ते म्हणतात कीं, या देशांत आम्हीं पाहिलेल्या व आम्हांस आवडलेल्या वस्तूंत रोजच्या वापराचा लोटा हा बहुधा सर्वांत श्रेष्ठ होय. खेड्यांतील बाया चिंच व राख लावून पितळेचें सोनें कसें करतात हेंहि त्यांच्या नजरेंतून सुटलेलें नाहीं.

नंतर त्यांनीं काय केलें? असा लोटा आज नव्यानें करावयाचा झाल्यास कोणते प्रश्न विचारावे लागतील, ते त्यांनीं एकामागून एक लिहून काढले. ही यादी वाचतांना आम्हांस नोकरींतील पंचनाम्यांची आठवण झाली. फरक एवढाच कीं, आमचा पंचनामा नुकसान झाल्यावर होई आणि हा वस्तु जन्मण्यापूर्वींचा. एका खेपेस किती पाणी आणणें, धरणें व ओतणें सोयीचें? जे हात तें उचलणार ते पुरुषाचे, बाईचे कीं मुलाचे, व त्यांत बळ किती? तें डोक्यावरून, कडेवरून, हातांतून कीं गाडींतून न्यावयाचें? भरल्यावर तोल कोठें राहील व रिकामें झाल्यावर कोठें? ओततांना धार कशी पडेल? आंत हात घालून घासतां येईल एवढें तोंड आहे काय? आंत ऊन पाणी असतां धरवेल काय? हाताला स्पर्श कसा लागतो? दगडावर आपटलें तर आवाज कसा येतो? किंमत किती, आणि जितकीं वर्षें टिकेल त्या हिशेबानें किंमत किती? मोडींत घातल्यास काय येईल? तें आपल्या मालकीचें असणें, विकणें, दुसऱ्याला देणें यांत मनाला काय वाटेल? इतके प्रश्न एका माणसाला सुटणारे नाहींत; लोटा हा अनेक पिढ्यांनीं थोडा थोडा बदलीत घडविला, असें त्यांचें म्हणणें आहे.

पुढचा मुद्दा आमच्या मतें त्या अहवालाचें सार आहे. पूर्वीं वस्तूंत बदल अंगुळभर होई व चूक असली तर ती एका गांवापुरती राही. आतां बदल एकदम होतो व एकाच सांच्यांतून लाखों नग निघतात. म्हणून परंपरा जें नकळत करीत होती, तें यापुढें प्रश्न विचारून, जाणूनबुजून करावें लागेल. ज्या देशास अन्न व निवारा यांची निकड आहे, त्यानें गुणाचा आग्रह धरणें ही चैन नसून गरज आहे, असेंहि ते बजावतात.

चार्ल्सनें १९७०-७१ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत व्याख्यानें दिलीं. त्यांत दक्षिण हिंदुस्थानांतील जेवणाचा दाखला होता. अगदीं गरीब मनुष्य केळीच्या पानावर जेवतो. त्याहून बऱ्या स्थितींतला मातीच्या ताटांत. मग पितळ, कांसें, चांदी, आणि कोणी सोन्याच्या ताटांतहि जेवत असेल. परंतु ज्याच्यापाशीं पैसाहि आहे व समजहि आहे, तो याच्या पुढची पायरी चढतो आणि पुन्हा केळीच्या पानावर जेवतो. आमच्या कोंकणांतील वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं.

एका बाबतींत मात्र आम्ही या थोर माणसांशीं सहमत नाहीं. त्यांनीं घाटाचें कौतुक फार केलें, पण पितळेची भरली घागर दिवसांतून दहा वेळां उचलणाऱ्या बाईच्या मानेला काय होतें हें त्यांच्या लेखणींत पुरतें उतरलें नाहीं. प्लास्टिकचा हंडा आला तेव्हां आमच्या बायांनीं तो डोळे मिटून घेतला नाहीं. तो हलका म्हणून घेतला, आणि वजनाच्या प्रश्नाचें त्यांचें उत्तर बरोबर होतें. मात्र मोडीच्या प्रश्नावर तो हंडा नापास होतो. जुनी घागर मोडींत घालून बियाण्याचा खर्च भागविल्याचीं उदाहरणें आमच्या माहितींत आहेत. फुटका हंडा उकिरड्यावर जातो व तेथून खताबरोबर शेतांत येतो.

आतां आपल्या घरची गोष्ट. आमच्या सोसायटीनें सभासदांना भाड्यानें देण्यासाठीं ट्रॅक्टरचें एक पेरणीयंत्र घेतलें. कोणत्या कारखान्याचें तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. रंग झकास, अनुदान मिळालेलें. पण पेटीचें झांकण मागील बाजूनें उघडतें. बी किती उरलें हें पाहण्यास ट्रॅक्टर थांबवून, उतरून मागें जावें लागतें. दोन ओळींतील अंतर बदलावयाचें तर दोन निराळ्या मापांचे पाने लागतात. आमच्या काळ्या रानांत जरा ओल अधिक असली कीं नळ्या बुजतात, आणि बुजल्या हें उगवण झाल्यावर कळतें. तिफणीमागें चालणाऱ्या बाईच्या हाताला बी अडलें तर तेथल्या तेथें कळत असे. यंत्र टाकून पुन्हा तिफण धरावी असें आमचें म्हणणें नाहीं. चार दिवसांच्या वाफशांत जेवढें रान तें पेरतें तेवढें बैलांकडून होणार नाहीं. परंतु खरेदीच्या वेळीं किंमत, अनुदान व हमी हे तीनच प्रश्न विचारले गेले, तेव्हां उत्तरेंहि तीनच मिळालीं.

लहान अवजाराचीहि तीच कथा. खुरपें बहुतेक बायांच्या हातीं असतें, पण विकत आणतो पुरुष, आणि मूठ स्वतःच्या मुठींत धरून पसंत करतो. ती बाईच्या हातांत जाड होते. संध्याकाळीं बोटें मिटत नाहींत. पातें किती वांकडें असलें म्हणजे मनगट न वळवितां तण मुळासकट निघतें, दगडावर घांसून धार येते काय, मूठ ढिली झाल्यावर गांवांत बसवितां येते काय, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना कोणी विचारीत नाहीं. लोहाराकडून पूर्वीं घडवून घेत तेव्हां बाई स्वतः भट्टीपाशीं जाऊन, असें नको तसें कर, म्हणून सांगत असे. बाजारांतील तयार खुरप्यापाशीं ही सोय नाहीं.

सोसायटीच्या पुढील सभेंत दुसऱ्या पेरणीयंत्राच्या व शंभर खुरप्यांच्या खरेदीचा विषय आहे. त्यासाठीं ईम्स यांच्या यादीच्या धर्तीवर पंचवीस प्रश्न आम्हीं मराठींत लिहून चिटणिसांकडे दिले आहेत. यंत्राच्या विक्रेत्यानें तें गोदामांत न दाखवितां ओलीच्या रानांत एक एकर चालवून दाखवावें, आणि खुरप्यांचे तीन चार नमुने आठवडाभर खुरपणाऱ्या बायांच्या हातीं देऊन मग मागणी नोंदवावी, अशा दोन सूचना सोबत जोडल्या आहेत. ज्या सभासदांना यादींत भर घालावयाची असेल त्यांनीं ती सभेपूर्वीं चिटणिसांकडे पोंचवावी.