मातीचं ढेकूळ आणि नाशिकची पृथ्वी

विल्यम ब्लेकची १७९४ची ‘द क्लॉड अँड द पेबल’ ही कविता अवघ्या बारा ओळींची. गुरांच्या पायांखाली तुडवलं जाणारं मातीचं ढेकूळ म्हणतं, प्रेम स्वतःकडे न पाहता दुसऱ्याला सुख देतं. ओढ्यातला खडा म्हणतो, प्रेम स्वतःच्या आनंदासाठी दुसऱ्याला जखडतं. यातलं खरं प्रेम कोणतं, याचा निकाल ब्लेक देत नाही.

आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ (‘विशाखा’, १९४२) मला याच प्रश्नाचं अधिक गुंतागुंतीचं उत्तर वाटतं. पृथ्वी सूर्यावर भाळलेली. चंद्र, मंगळ, शुक्र सगळे तिची मनधरणी करतात, पण ती कुणालाच दाद देत नाही. तिला सूर्याच्या मिठीची आस आहे, म्हणजे ती निरिच्छ मुळीच नाही! तरीही क्षुल्लकांच्या जवळिकीपेक्षा त्याचा दुरावा तिला सोसवतो. आणि शेवटी ती स्वतःला काय म्हणवते? धुळीचा कण. ब्लेकच्या ढेकळाचीच ही सख्खी बहीण, फक्त जास्त मानी.

माझं मत पृथ्वीच्या बाजूने. ‘विशाखा’ घरात असेल तर आज ही कविता मोठ्याने वाचा, आणि तुमचा कौल कमेंटमध्ये जरूर कळवा.