चुकांची वंशावळ

परीक्षेचे पेपर तपासताना आम्हा मास्तर लोकांना एक गोष्ट लवकरच उमगते. दोन मुलांची उत्तरे बरोबर आली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोघांनीही अभ्यास केला असेल. पण दोघांनीही ज्ञानेश्वरांना एकनाथांचे शिष्य करून टाकले, आणि तेही त्याच शब्दांत, तर खुशाल समजावे की बाके जवळजवळ होती! बरोबर उत्तर कुठूनही येते. चूक मात्र येताना आपल्या घराचा पत्ता घेऊन येते.

याच साध्या तर्काशी एका जर्मन पंडिताचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्याचे नाव कार्ल लाखमान. जन्म ४ मार्च १७९३, गाव ब्राउनश्वाइग, वडील धर्मोपदेशक. मुलगा धर्मशास्त्र शिकायला लाइप्सिगला गेला, पण तिथून गॉटिंगेनला गेल्यावर ग्रीक-लॅटिनच्या नादी लागला तो कायमचाच. १८१५ साली स्वारी नेपोलियनविरुद्ध लढायला प्रशियाच्या सैन्यात स्वयंसेवक म्हणून भरती झाली आणि पॅरिसपर्यंत जाऊन आली. गंमत अशी, की शत्रूची गाठ काही पडलीच नाही! पुढल्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने प्रोपर्टियस या रोमन कवीची आवृत्ती काढली. मग क्योनिग्सबर्ग आणि १८२५ पासून बर्लिन येथे प्राध्यापकी. ज्यांच्या परीकथा आपल्याही मुलांनी ऐकल्या आहेत, ते ग्रिम बंधू त्याचे स्नेही होते.

त्याने काय केले, ते समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ जगत ते नकलांवर. नकलेची नकल, तिची पुन्हा नकल. नकलणारा पेंगे, ओळ गाळी, कधी शहाणपणाने कठीण शब्द काढून सोपा घाली. पुढे हे ग्रंथ छापणारी मंडळी बहुधा हाताशी असलेली छापील प्रत घेत आणि जो पाठ गोड वाटेल तो ठेवून देत. लाखमान म्हणाला, असे नाही चालायचे. आधी साक्षीदार तपासा, दुरुस्ती मागाहून. आणि साक्षीदारांची नुसती डोकी मोजू नका. एकाच प्रतीवरून उतरलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष. ही नाती ओळखायची कशी? तर सामायिक चुकांवरून.

या कामाचा कळस म्हणजे १८५० साली आलेली ल्युक्रीशियस या रोमन कवीची आवृत्ती. या काव्याच्या नवव्या शतकातल्या दोन प्रती हॉलंडमधील लायडन येथे आहेत. त्यांतल्या एकीत चार उतारे आपल्या जागी नसून शेवटी एकत्र आढळतात, आणि प्रत्येक उतारा सुमारे बावन्न ओळींचा! लाखमानने ताडले, की मूळ पोथीची चार पाने सुटली होती आणि एका पानाच्या दोन्ही बाजूंस मिळून बावन्न ओळी होत्या. म्हणजे पृष्ठाला सव्वीस. अशा खुणा जुळवीत त्याने सांगितले, की ती पोथी ३०२ पृष्ठांची होती. जी पोथी केव्हाच नाहीशी झाली, तिची पृष्ठे हा गृहस्थ बर्लिनमध्ये बसून मोजत होता!

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे, की हे श्रेय त्याच्या एकट्याचे नव्हे. ल्युक्रीशियसच्या प्रतींचे नाते याकोब बेर्नाइस या तरुण पंडिताने १८४७ सालीच मांडले होते. पद्धतीलाही वंशावळ असते, हे तिम्पानारो या इटालियन अभ्यासकाने १९६३ साली दाखवून दिले.

मला स्वतःला मात्र लाखमानचे मोठेपण दुसऱ्याच कामात दिसते. १८३१ साली त्याने ग्रीक 'नवा करार' प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला छापील पाठ त्याने बाजूला सारला आणि जुन्यात जुन्या पुराव्यावरून नवा सिद्ध केला. धर्मोपदेशकाच्या मुलाने हे करावे, हे धाडसच. पण त्याने 'हाच मूळ शब्द' असा दावा केला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस जो पाठ प्रचारात होता तेवढाच मी देतो, असे तो म्हणाला. पुरावा जिथे थांबला, तिथे तोही थांबला. १३ मार्च १८५१ रोजी बर्लिन येथे तो वारला.

आपल्याकडे शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला. बर्लिनला शिकून आलेल्या डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहिली. १९१९ ला आरंभलेले ते काम १९६६ साली पुरे झाले. महाभारताच्या प्रतींची सरमिसळ एवढी, की युरोपातली पद्धत तिथे जशीच्या तशी चालेना. सुखठणकरांनी ती मुरड घालून वापरली.

आता माझ्या घरची गोष्ट. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या. मी नुकताच एम. ए. झालो होतो. मोठ्या उत्साहाने त्यांची स्वच्छ नक्कल केली, 'अशुद्ध' शब्द सुधारले, आणि मूळ वही रद्दीत गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी मावशीच्या पेटीत तिची वही निघाली. दोघी बहिणींनी वेगवेगळ्या वेळी, आजीच्या तोंडून लिहून घेतलेले. आणि पाहतो तो काय, जे शब्द आईची चूक म्हणून मी खोडल्याचे आठवत होते, तेच मावशीच्या वहीत जसेच्या तसे! ती चूक नव्हतीच. तो आजीचा उच्चार होता.

मावशीच्या वहीत निम्म्याच ओव्या आहेत. तेवढ्या मी पूर्ववत केल्या. उरलेल्यांत आजीचा शब्द कुठला आणि माझा कुठला, हे आता मलाही सांगता येत नाही. तिथे मी समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

या दिवाळीत माळा झाडताना एखादी जुनी वही हाती लागली, तर वाचकहो, एवढेच करा: तिच्यातल्या चुका सुधारू नका.