हळू चेंडू कसा शिकावा?



कापसाची वेचणी आटोपली की बेला परिसरात मोकळ्या रानात टेनिस चेंडूचा खेळ रंगतो. आम्ही ज्येष्ठ मंडळी कडेला बसून पाहतो. बहुतेक मुलांची समजूत एकच, जोरात टाकला की बळी मिळतो. फटका बसला की पुढचा चेंडू आणखी जोरात. वाढत्या वयात हा अति जोर खांद्याला आणि कमरेला महागात पडतो, मणक्याला ताणाने चीरही जाऊ शकते. म्हणून मुलांनी 'स्लोअर' शिकावा, आणि पालकांनीही तो समजून घ्यावा.

आधी हिशोब पाहू. चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत सुमारे १८ मीटर जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाने त्याला साधारण ०.६५ सेकंद लागतात, ८० च्या वेगाने ०.८१. फरक अवघा ०.१६ सेकंदाचा, पण तेवढ्यात बॅट फिरून गेलेली असते. फलंदाज चेंडूचा वेग गोलंदाजाच्या हातावरून ओळखतो. म्हणून धाव तीच, उडी तीच, हाताचा झपाटाही तोच ठेवायचा. बदलायची ती फक्त पकड. हात हळू केला की गुपित फुटले.

पकडीचे तीन सोपे प्रकार आहेत.

१. तळहातात खोल पकड : बोटांचा शेवटचा झटका चेंडूला मिळत नाही, म्हणून वेग आपोआप कमी होतो. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी.

२. ऑफ कटर : उजव्या हाताच्या गोलंदाजाने चेंडू सोडताना, दाराची गोल मूठ उजवीकडे फिरवावी तशी बोटे फिरवायची. जोर चेंडू फिरवण्यात खर्च होतो, पुढे जाण्यात कमी.

३. नकल बॉल : पहिली दोन बोटे दुमडून, नखांच्या टोकांनी चेंडू धरायचा. ही युक्ती मूळ बेसबॉलमधली. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने ती क्रिकेटमध्ये गाजवली. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले, त्यात वेगातल्या बदलाचा वाटा मोठा होता. मात्र हा प्रकार अवघड असल्याने शेवटी शिकावा.

कोपर वाकवून 'फेकणे' चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात कोपर सरळ होण्याची मर्यादा १५ अंश आहे.

सराव असा करावा. टप्प्याच्या जागी रुमाल ठेवा. सहा चेंडूंत एकच हळू टाका, पण कितवा ते सांगू नका. यष्टीमागे उभ्या मित्राने चेंडू टप्पा पडण्याआधीच 'हळू' किंवा 'जोरात' असे ओरडायचे. तो बरोबर ओळखत असेल, तर हात अजून फसवत नाही. सुरुवातीला चेंडू आखूड पडेल किंवा फुलटॉस जाईल, त्याने खचू नये. दररोज वीस-पंचवीस चेंडू पुरेत. खांदा दुखला की त्या दिवशी थांबावे.

एक गोष्ट मुलांनी पक्की लक्षात ठेवावी. हळू चेंडू हा ठेवीवरच्या व्याजासारखा आहे, मुद्दल म्हणजे नेहमीच्या चेंडूची दिशा आणि टप्पा. मुद्दलच नसेल तर व्याज कशावर मिळणार? आधी दहापैकी सात चेंडू रुमालाजवळ पडू द्या, मगच पकड बदला. अंगाने किरकोळ असलेल्या मुलांनाही या वाटेने संघात मानाची जागा मिळू शकते, हे घरच्यांनी त्यांना आवर्जून सांगावे.