चव झाकावी, माप झाकू नये

मीठ आणि धान्य हे बाजारातले जुने शेजारी होत. ज्या पेढीवर उडीद-मुगाची थप्पी लागते, तिच्या एखाद्या कोपऱ्यात खडेमिठाचे पोते बहुधा असतेच. आपल्या सचिनकरांना तर मिठाची थोरवी सांगावयास नको. सुरत-नवसारी लोहमार्गावरील या गावापासून समुद्र फार दूर नाही; आणि ६ एप्रिल १९३० रोजी महात्माजींनी दांडीच्या ज्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले, तो किनाराही आपल्याच शेजारचा. त्या काळी प्रश्न मिठावरील कराचा होता. आज घरोघरी निराळाच प्रश्न आहे. जेथे खारट चव नकोशी होते तेथे ती झाकावी कशी, आणि झाकणे योग्य केव्हा?

प्रथम स्वयंपाकघराकडे वळू. आमटीत मीठ अधिक पडले की इतरत्र बटाटा सोडतात. आपल्या घरी कंदमूळ वर्ज्य, म्हणून भगिनी कणकेचे गोळे किंवा कच्च्या केळ्याच्या फोडी टाकतात. परंतु बटाटा असो वा कणीक, त्यांपैकी कोणीही एकटे मीठ वेचून घेत नाही. ते मिठासकट रस शोषून घेतात, इतकेच. रस थोडा काढून त्यात बिनमिठाचे शिजवलेले वरण व पाणी मिसळणे, हाच खरा उपाय. गूळ, दही, खोबरे, तूप यांनी खारटपणा जिभेस कमी लागतो, पण मीठ होते तेवढेच राहते. लिंबू तर दुधारी आहे. बेताचे आंबट खारट चव उठवते. अधिक आंबट तिला दाबते. म्हणून ज्यांना वैद्याने मीठ कमी करावयास सांगितले आहे, त्यांच्या पानात लिंबाची फोड अवश्य असावी.

अति मीठ जिभेस इतके अप्रिय का वाटते, याचाही शोध लागला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, थोडे मीठ जिभेवरील आवडीचा मार्ग जागा करते. प्रमाण वाढले की तेच मीठ कडू व आंबट चवीच्या पेशींनाही चेतवते. निसर्गाने जणू जिभेच्या दारी पहारेकरी बसविला आहे. त्या पहारेकऱ्याची समजूत घालावी की त्याच्या डोळ्यांत धूळ फेकावी, हा विवेक ज्याचा त्याने करावयाचा आहे.

समजूत घालण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे उडदाचा पापड. उधना, पांडेसरा, सचिन या पट्ट्यात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या पापडाचे पीठ असो वा आपल्या गुजराती घरातले, पापडखाराविना पापड हलका फुलत नाही. खार अंमळ जास्त झाला तर साबणासारखी चव लागते. म्हणून मिरी, हिंग व जिरे यांची योजना. येथे खाराचे काम आहे, आणि मसाला त्याची उग्रता सौम्य करतो. तथापि खारातही सोडियम असतेच, हे रक्तदाबाच्या रोग्याने विसरू नये.

दातांच्या औषधांचीही तीच गोष्ट. पूर्वी घरी मीठ, हळद व तेल यांनी हिरड्या चोळीत. हल्लीच्या दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये कोठे मीठ, कोठे खाण्याचा सोडा असतो. थंड पाण्याने शिवशिवणाऱ्या दातांसाठीच्या काही पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा असतो. हे सारे खारट वा खारट-कडू पदार्थ. ती चव झाकण्यासाठी पुदिन्याचा अर्क, लवंगेचे तेल आणि दातांस न किडविणारी सॅकरीन, सॉर्बिटॉल यांसारखी गोडी वापरतात. पुदिन्याचा अर्क तोंडातील थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवितो आणि लक्ष चवीवरून गारव्याकडे जाते. जो पदार्थ थुंकून टाकावयाचा, त्याची चव झाकण्यात दोष नाही. मात्र ही गोडी मुलांना गिळण्याचा मोह पाडते. तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी.

आता जेथे चव झाकताना प्राणाशी गाठ पडते, तो विषय. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. त्यातील साखर चवीसाठी नसते; तिच्या साहाय्याने आतडे मीठ व पाणी शोषून घेते. आजच्या प्रमाणसूत्रात एक लिटर पाण्यास २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. चव अश्रूंसारखी खारट. मूल तोंड फिरवते म्हणून आई त्यात आणखी साखर घालते, आणि अतिरिक्त साखरेने जुलाब वाढतात! बाजारानेही हीच चूक नफ्यासाठी केली. गोड पेयांच्या नावाला ‘ओआरएस’ जोडून ती विकली जात. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. अशा मुलास पाणी चमच्याचमच्याने, थांबून थांबून पाजावे. मापाला हात लावू नये.

उलट बाजूचा धोका फरसाणाचा. गोड-आंबट चिवड्यात साखर व आंबटपणा मिठाला असे वेष्टन घालतात की पहारेकरी गाफील राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे; म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही नव्हे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. त्याचा कडवटपणा मसाल्यात लपतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच संघटनेने निरोगी प्रौढांसाठी त्याची शिफारसही केली. परंतु मूत्रपिंडाच्या विकारात ते घातक ठरू शकते. गिऱ्हाईकाने पुडा मागितला की आपण हे एक वाक्य सांगितलेच पाहिजे.

धान्याच्या धंद्यात आम्ही दाणा दाताखाली फोडून माल पारखतो. जिभेवर आणि दातावर विश्वास आहे म्हणूनच बाजार चालतो. औषधाची उग्रता सौम्य करणे ही माणुसकी. पण आतले माप दडविणे हा तराजूला लावलेला अंगठा होय. वेष्टनावरील बारीक अक्षरे गिऱ्हाइकास वाचता येत नसतील तर ती वाचून दाखविणे, हे आपल्या पेढीवरचे काम आहे. व्यापारी बंधूंनी ते आपल्या मुलांसही शिकवावे, एवढीच विनंती.