शाखेचा फोन कोणत्या पाटाने जातो?



गट ऑफिसला फोन लावला तर नुसती घंटा वाजत राहते, नाही तर एकजण दुसऱ्याकडे आणि दुसरा तिसऱ्याकडे जोडून देतो, ही तक्रार गळीत हंगामात नेहमी कानावर येते. उसाला आग लागल्यावर टोळी व वाहन मागण्यासाठी केलेला फोन असा भटकला, तर जळालेल्या उसाचे वजन आणि उतारा काही आपली वाट पाहत थांबत नाहीत. सबब फोनचा मार्ग कसा ठरतो, हे समजून घेतलेले बरे.

ऑफिसातील फोनचे छोटे एक्सचेंज म्हणजे पाटाचे दार समजा. आपण दाबलेले आकडे ते सुरुवातीपासून वाचते आणि कोणती चारी उघडायची ते ठरवते. पूर्वी हे काम ऑपरेटर करीत. अमेरिकेतील स्ट्रोजर हा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा गृहस्थ. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवतात, अशा संशयावरून तो यंत्राच्या मागे लागला, असे सांगतात. त्याच्या यंत्राला १८९१ साली पेटंट मिळाले. आपल्याकडे सी-डॉटचे खेड्यासाठी बनवलेले एक्सचेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला सुरू झाले.

आता उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूर भागातील एका कारखान्याचे साखर विक्रीचे शाखा ऑफिस भाईंदरला आहे. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असले तरी त्याचा कोड मुंबईचाच, ०२२. खाडी ओलांडून वसईला गेले की ०२५०. म्हणजे भाईंदरहून दादरच्या व्यापाऱ्याला नुसते आठ आकडे पुरतात, वसईच्या व्यापाऱ्याला मात्र कोड लावावा लागतो.

शाखेचे फोन कारखान्याच्या एक्सचेंजला जोडले की घोटाळा इथेच होतो. भाईंदरच्या कारकुनाने सवयीने आठ आकडे दाबले आणि फोन कोल्हापूरच्या लाईनीतून बाहेर पडला, तर तो दादरला पोचणारच नाही. कोल्हापूरचा कोड ०२३१, तिथून मुंबईला ०२२ हवेच. तेव्हा एक तर शाखेचे आठ आकडी फोन भाईंदरच्याच लाईनीवर सोडावेत, किंवा यंत्राने आधी ०२२ आपोआप जोडावे. १०१ आणि ११२ सोडून तीन आकडी नंबर आतल्या आत, ०२३१ चे कारखान्यामार्फत, बाकी स्थानिक लाईनीने, एवढी वाटणी पुष्कळ झाली.

शून्याचीही एक गंमत आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. पुष्कळ ऑफिसांत बाहेरची लाईन घ्यायलाही शून्यच दाबतात. पहिले शून्य यंत्र गिळते, म्हणून तिथे दोन शून्ये दाबावी लागतात. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि तो म्हणतो, फोन बिघडलाय!

सगळ्यात जपायचे ते १०१ आणि ११२. भाईंदरच्या गोदामाला आग लागली आणि १०१ चा फोन कारखान्याच्या लाईनीने बाहेर पडला, तर उचलणार तिकडचे अग्निशमन दल. ते बंब पाठवणार कुठे? हे नंबर प्रत्येक शाखेने आपल्याच गावच्या लाईनीवर सोडले पाहिजेत. यात काटकसर नको.

येणाऱ्या फोनचेही तसेच. गट ऑफिसात पाच घंट्यांत कोणी उचलला नाही तर फोन शेतकी ऑफिसला, तिथून केनयार्डवर, असा क्रम लावता येतो. रात्री तो थेट जिथे माणूस जागा असतो तिथेच जावा. मात्र गट ऑफिसने शेतकीकडे आणि शेतकीने पुन्हा गटाकडे वळवून ठेवले, तर फोन घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो. शेवटी एक तरी फोन असा हवा, की जो पुढे वळवलेला नाही.

वीज गेल्यावर काय, हेही विचारावे. जुन्या तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्सचेंजच्या विजेवर चाले. फायबरच्या फोनला जागेवर बॅटरी लागते, नाही तर तो मुका.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एका रात्री दहा वाजता आपल्या गट ऑफिसला फोन लावून बघा. कोणी उचलला, किती घंट्यांनी, आणि त्याच्याकडे टोळी पाठवण्याचा अधिकार होता का, एवढे लिहून शेतकी ऑफिसला द्या.