हंगाम चाळीस मिनिटांचा

क्रीडाविभागाचा वार्षिक अहवाल या अंकात अन्यत्र आहेच. त्यात मुलांच्या बास्केटबॉल संघाच्या वाट्याला दीड ओळ आली आहे : संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत भाग घेतला व दुसऱ्या फेरीत पराभूत झाला. ओळ खरी आहे, तक्रार नाही. परंतु पहाटे साडेपाचला मैदानावर जाणारी ही मंडळी वर्षभर करतात तरी काय, असे वर्गमित्रांनी आणि एक-दोन प्राध्यापकांनीही मला विचारले. त्यांच्यासाठी हा लेख.

आपल्या भागात ‘हंगाम’ हा शब्द काही नवा नाही. मोहफुलांचा हंगाम मार्च-एप्रिलचा, तेंदूपत्त्याचा मे महिन्याचा, धानकापणीचा दिवाळीच्या आगेमागे, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा दिवाळीपासून होळीपर्यंत. हे सारे हंगाम आठवड्यांनी आणि महिन्यांनी मोजतात. आमचा मिनिटांनी मोजावा लागतो. बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे चाळीस मिनिटांचा. स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तो घरी. म्हणजे पहिलाच सामना हरणाऱ्या संघाचा वर्षाचा हंगाम चाळीस मिनिटांत संपतो. आमचा यंदा ऐंशी मिनिटे चालला. अमेरिकेत महाविद्यालयीन संघ नोव्हेंबर ते मार्च या काळात सुमारे तीस सामने खेळतो असे वाचले, तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, “मग ते शिकतात कधी?” प्रश्न वाजवी आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. तीस सामन्यांत एखादा वाईट दिवस खपून जातो. दोन सामन्यांत तो खपत नाही.

या दोन सामन्यांच्या वर एक शिडी आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून आणि निवडचाचणीतून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तेथे चमकला तर अखिल भारतीय स्पर्धेला. पूर्वी आपली महाविद्यालये नागपूर विद्यापीठात होती, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलाला त्या बारांत बसण्यासाठी नागपूर शहरातल्या मुलांशी टक्कर द्यावी लागे. तिथे शाळेपासून हा खेळ खेळणारी मुले; इथे अकरावीत पहिल्यांदा चेंडू हातात घेणारी. २०११ साली दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि शिडीची पहिली पायरी आपल्या अंगणात आली. दुसरी पायरी मात्र होती तेवढीच उंच आहे, कारण विभागीय स्पर्धेत नागपूर, मुंबई, पुणे समोर उभे असतातच, शिवाय गुजरात-राजस्थानचे संघ. आपला मुलगा आता तेथपर्यंत पोहोचू शकतो, एवढे नक्की. आणि माझ्या मते हे थोडे नाही.

आता वेळापत्रक पाहा. जून-जुलैत प्रवेश सुरू होतात, पण संघ जमेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. आपला पाऊस तोपर्यंत भरात असतो. आमचे मैदान सिमेंटचे आणि उघडे आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. ते खरवडणे हा आमचा पहिल्या महिन्याचा व्यायाम. सप्टेंबरात मैदान वाळते तोवर सत्रपरीक्षेचे वारे वाहू लागतात. मग दिवाळी. दिवाळीत वसतिगृह रिकामे होते आणि मुले धानावर जातात. घरी कापणी-बांधणी असताना “मला झेल घेण्याचा सराव करायचा आहे” असे बापाला सांगणारा मुलगा अजून आमच्या संघात निपजला नाही, आणि निपजू नये. सिरोंच्याच्या मुलाला घर गाठायला दोनशेवर किलोमीटर, तेही आलापल्लीच्या जंगलातून. तो गेला की आठवड्याच्या आत येत नाही. हे सर्व वजा करून आठही जण एकाच वेळी मैदानावर होते असे दिवस मी वहीत टिपले. ते चोवीस भरले.

आठ म्हणालो ते चुकून नव्हे. नियमाने संघात बारा खेळाडू घेता येतात; आम्ही आठ होतो. सामना सुरू करायला पाच लागतात. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांतही पाच उभे राहिले नाहीत तर समोरचा संघ २०-० असा विजयी. म्हणजे आमच्यातले चौघे आजारी पडले, की हंगाम चाळीस मिनिटांचाही राहत नाही. दोन वर्षांपूर्वी बस वाटेत बिघडल्याने हा प्रसंग अगदी अंगाशी आला होता, तेव्हा शा. शि. संचालक सरांनी ट्रकवाल्याला हात दाखवला म्हणून निभावले.

संघ भरतो कसा, तर कबड्डीतून. आपल्या भागात कबड्डीला मुले कमी नाहीत, कारण तिला मैदान आणि मुले याखेरीज काही लागत नाही. बास्केटबॉलला फळे लागतात, ३.०५ मीटर उंचीवर कडी लागतात, बरा चेंडू लागतो. यंदा आमच्या आठांत तिघे कबड्डीचे होते. बचावात ते फार उपयोगी. आडवे सरकणे, रेषेचे भान ठेवणे, समोरच्याच्या कमरेकडे पाहून त्याची दिशा ओळखणे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. अडचण एकच. कबड्डीत पकड केली की गुण मिळतो. इथे पकड म्हणजे फाउल, आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. हात मागे ठेवून बचाव करायला शिकवण्यात आमचा सबंध ऑक्टोबर गेला.

या दोन खेळांची एक जुनी गाठ वऱ्हाडात सापडते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुरुषांचे बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथम अधिकृतपणे खेळले गेले तेही बर्लिनलाच. अंतिम सामना छप्पराखाली नव्हे, उघड्या मातीच्या मैदानावर झाला. पावसाने चिखल झाला, चेंडू आपटला तर उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. आजच्या सामन्यात इतके गुण एका सत्रात होतात. हे वाचून मला विलक्षण बरे वाटले. म्हणजे उघड्या मैदानावरचे आम्ही काही जगावेगळे नाही.

हे नुसते समाधान नाही, त्यात खेळाचे मर्म आहे. जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला, तेव्हा पीचच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि चेंडू घेऊन धावायचे नाही, असा नियम केला. चेंडू आपटत नेणे मागाहून आले. मूळ खेळ पास देण्याचा. आमच्या मैदानाला दोन मोठ्या भेगा आहेत. तिथे चेंडू आपटला की तो कोठे जाईल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. म्हणून आम्ही आपटतच नाही, पास देतो. उत्तम संघ पास का देतात याची कारणे पुस्तकात आहेत. आमचे कारण भेगा हे आहे. परिणाम मात्र तोच : चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो आणि बचाव करणारा दमतो.

फळ्याचे तसे नाही. आमचे फळे लोखंडी पत्र्याचे. बाजूने, साधारण पंचेचाळीस अंशांतून फळ्यावर मारलेला चेंडू पत्र्याशी आपटून मरतो आणि गपकन कड्यात पडतो. चांगल्या मैदानावरच्या काचेच्या फळ्यावरून तोच चेंडू उडून परत येतो. स्पर्धेत पहिल्या सत्रभर आम्ही याचीच शिक्षा भोगली. घड्याळाचेही तसेच. चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत नेम मारावा लागतो. सरावात घड्याळ नाही. बाहेर बसलेला तोंडाने मोजतो. आमच्यात मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंगाली या चार भाषा. मुलचेऱ्याचा मुलगा घाईत बंगालीत मोजू लागे आणि त्याचे चोवीस इतरांच्या वीसला संपत. त्यामुळे आम्ही जरा लवकरच नेम मारायला शिकलो, हा फायदा.

पहिला सामना जिंकलो. दुसऱ्यात तिसऱ्या सत्राअखेर आघाडीवर होतो. चौथ्यात काय झाले ते समजावून सांगता येते. एका सत्रात संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून बचावातल्या प्रत्येक फाउलवर प्रतिस्पर्ध्याला दोन मुक्त फेकी मिळतात, फळ्यापासून ४.६ मीटरवर उभे राहून, मध्ये कोणी नाही. दमलेला माणूस पायाने सरकत नाही, हाताने अडवतो. बारा जणांचा संघ अशा वेळी ताजा माणूस पाठवतो. आमचे दोघे पाच-पाच फाउलवर बाहेर गेले, उरले सहा, आणि त्यातल्या एकाच्या पायात गोळा आलेला. एका बास्केटने हरलो. शेवटचे चार गुण त्यांनी मुक्त फेकींवर मिळवले. पंचांचा निर्णय प्रत्येक वेळी बरोबर होता, हे येथे नोंदवतो, कारण गावात वेगळे बोलले गेले.

आठांपैकी पाच जण तृतीय वर्षाचे, ते गेले. उरलो तिघे. एकाची विद्यापीठाच्या निवडचाचणीला निवड झाली होती, तोही गेलेल्या पाचांत. खेळाडू मिळाले नाहीत तर पुढील वर्षी या खेळाची प्रवेशिका भरू नये, असे मत क्रीडासमितीत मांडले गेले आहे. सरांनी ऑगस्टअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. उंचीची अट नाही. आमचा सर्वात उपयोगी खेळाडू पाच फूट पाच इंच होता. दोन चेंडू शाबूत आहेत, तिसऱ्याची हवा जाते. शेवाळ खरवडायला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात करू. खराटे मैदानामागच्या खोलीत आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे.